जुन्या गॅस गीझरची पायलट: पेटवायची कशी, टिकवायची कशी, आणि विझली तर काय समजायचं

नागपुरात गीझर म्हणजे चारेक महिन्यांचं काम. दिवाळी झाली की कूलर झाकून ठेवायचा आणि गीझरकडे बघायचं, होळी आली की उलटं. मधले आठ महिने त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग नोव्हेंबरातल्या एका सकाळी अंगाला टॉवेल गुंडाळून, हातात काडेपेटी घेऊन आपण त्याच्यापुढे उभे असतो: हे पेटत काहून नाही बाप्पा?

महाल वस्तीतल्या आमच्या जुन्या घरात असा एक पायलटवाला गीझर आहे, म्हणजे आत एक छोटी ज्योत सारखी जळत ठेवावी लागते. बाबा होते तोवर त्याला फक्त तेच हात लावायचे. २०१६ च्या हिवाळ्यात तो माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून मी त्याच्यापायी हाताचे केस जाळून घेतलेत, एक चांगला जेट (ज्यातून पायलटचा गॅस येतो तो बारीक भोकाचा पितळी मणी) वाया घालवलाय आणि दोनदा घरच्यांच्या शिव्या खाल्ल्यात. धरमपेठ, रामदासपेठ, महाल असल्या जुन्या वस्तीत भाड्याने राहायला आलेल्यांना किंवा आईवडिलांचं घर आता स्वतः सांभाळणाऱ्यांना हाच डबा भिंतीवर टांगलेला सापडतो. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. आधी बघा, तुमच्या गीझरला पायलट आहे का

हल्ली दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गॅस गीझरांना पायलट नसते. त्यांच्या बुडाशी दोन जाडे सेल बसवलेले असतात. नळ सोडला की टक-टक-टक आवाज होतो, ठिणगी पडते आणि भपकन ज्योत लागते. तुमचा तसा असेल तर तो पेटत नसताना पहिले सेल बदलून बघा, दहातल्या सात वेळा काम तिथेच संपतं. पुढचं पेटवण्याचं आणि सफाईचं तुम्हाला फारसं लागणार नाही, पण तिसरा मुद्दा वाचाच.

जुन्या गीझराला समोर एक मोठं फिरतं बटण असतं. त्यावर बंद, पायलट आणि चालू अशा तीन खुणा, शेजारी ठिणगी पाडणारं छोटं बटण (नसलं तर काडी लावायला भोक) आणि एक काचेची खिडकी. त्या खिडकीतून करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत सारखी जळताना दिसते. तीच पायलट. नळ सोडला की मोठा बर्नर तिच्यावरून पेट घेतो.

२. आत काय चालतं, हे पाच मिनिटं समजून घ्या

हे कळलं नाही तर पुढचं सगळं अंधारात चाचपडणं होतं.

पायलटच्या ज्योतीत एक तांब्याच्या रंगाची, पेन्सिलीच्या टोकाएवढी कांडी उभी असते. तिला थर्मोकपल म्हणतात. आमचा मिस्त्री तिला ‘सेन्सर वायर’ म्हणतो. दोन वेगळे धातू एका टोकाला जोडून ते टोक तापवलं की थोडीशी वीज तयार होते. अगदीच थोडी, २० ते ३० मिलिव्होल्ट. एका सेलच्या दीड व्होल्टच्या हिशेबाने पन्नासावा ते पंचाहत्तरावा भाग धरा. पण एवढ्या विजेवर गॅसच्या झडपेतलं एक लहानसं विद्युतचुंबक झडप धरून ठेवतं. ज्योत आहे तोवर कांडी गरम, कांडी गरम तोवर वीज, वीज आहे तोवर गॅस.

ज्योत विझली की कांडी थंड होते आणि मिनिटाभरात ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन झडप बंद होते. म्हणजे न जळलेला गॅस घरात पसरत नाही. मोठं बटण पेटवताना दाबून धरावं लागतं तेही याचसाठी: कांडी तापेपर्यंत झडप आपण बोटाने उघडी धरलेली असते.

म्हणून पायलट विझणं हा गीझरचा खोडसाळपणा नाही. कुठेतरी काहीतरी चुकतंय आणि गीझर आपलं काम बरोबर करतोय. आमच्या काकाजींना हे पटायचं नाही. पायलट टिकत नाही म्हणून एका हिवाळ्यात त्यांनी मोठं बटण आत दाबलं आणि सुतळीने पाईपाला बांधून टाकलं. पायलट आठवडाभर मस्त टिकली, काकाजी खूश. मी बघितलं तेव्हा पोटात गोळाच आला, कारण त्या आठवड्यात ज्योत एकदा जरी विझली असती तर गॅस रात्रभर वाहत राहिला असता. सुतळी, रबर बँड, खाली लावलेली लाकडी पाचर, हे सगळं मी नागपुरातल्या घरांत बघितलंय. तुमच्या घरी असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी ते काढून या.

३. पेटवण्याआधी गीझरची जागा तपासा

गीझर न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर पायलटची काळजी नंतर करा. आधी तो बाहेर काढायचं बघा. चौकात, मागच्या व्हरांड्यात, बाल्कनीत, कुठेही, पण हवा खेळेल अशा जागी. गरम पाण्याचा पाईप तेवढा भिंतीतून आत घ्यायचा.

कारण असं. गॅस पुऱ्या हवेत जळला तर वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड व्हायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. मग पायातलं बळ जातं, आणि दार आतून लावून अंघोळ करणाऱ्या माणसाला कडी काढायलाही उठवत नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. तो वास गळका गॅस सांगतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. ‘वास तर येत नाही’ हे समाधान इथे कामाचं नाही.

आमच्याकडे गीझर बाहेरच होता, तरी एकदा थोडक्यात निभावलं. तो टांगलेला कोपरा तिन्ही बाजूंनी बंद, वर एक झरोका. थंडीचा वारा येतो म्हणून कोणीतरी त्या झरोक्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबली होती. न्हाणीघराचं दार त्याच कोपऱ्यात उघडतं. मावसबहीण अंघोळ करून आली ती डोकं धरूनच. ‘दादा, गरगरून राह्यलं’ म्हणाली आणि पलंगावर आडवी झाली. तिला गच्चीवर मोकळ्या हवेत नेलं, तासाभराने बरं वाटलं, तरी डॉक्टरांना दाखवून आणलं. नंतर आठवलं की पायलटची ज्योत आठ दिवस पिवळी, लोळणारी दिसत होती. आम्ही ‘यावेळी सिलिंडरच खराब आला’ म्हणून सोडून दिलं होतं.

तेव्हा एवढं करा. वरचा झरोका उघडा आणि खालून हवा आत यायलाही फट हवी. गीझरच्या डोक्यावर धुराचा पाईप असेल तर त्यात कबुतरांनी काड्या भरल्या नाहीत ना ते बघा. शेजारच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन असेल तर गीझर चालू असताना तो बंद ठेवा, नाहीतर बाहेर जाणारा धूर तो परत घरात ओढतो. एकामागोमाग पाच जणांनी अंघोळी उरकायच्या नाहीत, मध्ये दार उघडून हवा बदलू द्या. आतल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही तर दार तोडायला कचरू नका. त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा.

४. काय काय जवळ हवं

सामान घरातलंच आहे. टॉर्च, लांब दांड्याचा लायटर, एक छोटा पाना, पेचकस, मऊ दातांचा जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपरचा तुकडा, सायकलचा हवा भरायचा पंप, वाटीभर साबणाचं पाणी. मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तरी चालतं.

कागदांत गॅसचं पुस्तक आणि ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. तो क्रमांक कपाटात नको, गीझरजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. त्याच्या खाली १९०६ लिहा. गॅसगळतीसाठीचा हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. रबरी नळीवर छापलेली तारीखही बघा. तार भरलेल्या केशरी सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं धरतात. आमची बघितली तेव्हा तारीख वाचताच येत नव्हती, म्हणजे ती केव्हाच संपली होती.

५. पेटवायची रीत

१) सिलिंडर उभाच आहे ना, रेग्युलेटर नीट बसलाय ना, बघा. गीझरचं बटण ‘बंद’वर हवं.

२) जमिनीजवळ वाकून वास घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, खाली साचतो. जुन्या घरात मोरी जमिनीपेक्षा एक पायरी खोल असते, त्यामुळे तो पहिला तिथे जाऊन बसतो. वास आला तर काडी नाही, लायटर नाही, दिव्याचं बटणही चालू-बंद करायचं नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि १९०६ लावा.

३) वास नसेल तर रेग्युलेटर चालू करा. बटण ‘पायलट’वर आणून पूर्ण आत दाबा.

४) दाबून धरलेल्या स्थितीत ठिणगीचं बटण दाबा किंवा लायटर भोकाशी न्या. तोंड खिडकीसमोर नको, बाजूला उभे राहा. माझ्या हाताचे केस याच पायरीला गेले.

५) ज्योत लागली की बटण लगेच सोडू नका. मनात सावकाश तीसपर्यंत मोजा, जुन्या गीझराला पंचेचाळीस. मग हळूच सोडा.

६) ज्योत राहिली तर बटण ‘चालू’वर फिरवा आणि नळ सोडून बघा. मोठा बर्नर हळूच, एका दमात पेटायला हवा. दोन-तीन सेकंद थांबून मग ‘भप्’ करून पेटत असेल तर तसाच वापरत राहू नका, पुढची सफाई करा.

ज्योत विझली तर सगळ्यांची एकच चूक होते, लगेच दुसरी काडी. आत गॅस साचलेला असतो, त्यालाच आपण काडी लावतो. बटण ‘बंद’ करा आणि पूर्ण पाच मिनिटं थांबा. घड्याळात पाच. थंडीत उभ्या माणसाला दीड मिनिटही पाच वाटतं.

नवा सिलिंडर लावला असेल तर पहिल्या प्रयत्नात पेटणार नाही, घाबरू नका. नळीत हवा अडकलेली असते. शेगडीवर याचा पत्ता लागत नाही, पण पायलटच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. तिथून हवा निघायला वेळ लागतो. बटण अर्धं मिनिट दाबून धरून, थोड्या-थोड्या वेळाने ठिणगी पाडत राहायचं.

६. ज्योत बघायला शिका

दिवसातून एकदा खिडकीतून बघायची सवय लावा. दोन सेकंदांचं काम.

चांगली ज्योत निळी, स्थिर, आवाज न करणारी असते आणि थर्मोकपलच्या वरच्या टोकाचा सेंटिमीटरभर भाग वेढून घेते. ते टोक मंद लाल दिसतं.

पिवळी, लोळणारी, वर काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा कमी. एकतर पायलटच्या नळीवरचं हवेचं भोक धुळीने बुजलंय किंवा खोलीतच हवा नाही. दोन्ही बघा. खोलीचं आधी.

बुटकी, निळी पण कांडीपर्यंत न पोहोचणारी ज्योत असेल तर जेटमध्ये कचरा आहे किंवा सिलिंडर संपत आलाय.

फुरफुरणारी, नळीच्या तोंडापासून सुटून वर तरंगणारी ज्योत म्हणजे दाब जास्त. घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास दाब देतो आणि घरगुती गीझर त्याच हिशेबाने बनवलेला असतो. लग्नाच्या पंगतीतल्या भट्टीला लावतात तो कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर गीझराला लावायचा नाही. ‘पाणी लवकर तापते भाऊ’ असं कोणी सांगितलं तरी नाही.

७. वारंवार विझते, तर चोर कुठे शोधायचा

वारा. हे कारण फुकटात सुटतं म्हणून पहिलं. कोणत्या वेळी विझते ते दोन-तीन दिवस लिहून ठेवा. आमची रोज संध्याकाळी विझायची, आणि रोज संध्याकाळी मागचं दार सायकल आत घ्यायला उघडायचे. वाऱ्यासाठी गीझर कोंडायचा नाही, वारा अडवायचा: फुटभर अंतरावर पत्र्याचा आडोसा, वरून-खालून मोकळा.

सिलिंडर आणि थंडी. सिलिंडरात गॅस पातळ असतो, त्याची वाफ होऊन ती नळीत येते. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन घटक. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत त्याची वाफ मंद होते, आणि सिलिंडर तळाला आला असेल तर दाब आणखी पडतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. त्या सकाळी आमची पायलट तीनदा विझली, मी तीनदा पेटवली आणि चौथ्यांदा चुलीवर पाणी ठेवलं. दुपारी ऊन आल्यावर तोच सिलिंडर निमूट चालला. अशा वेळी सिलिंडर आडवा करणं, उलटा करणं, गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. आडवा सिलिंडर पातळ गॅस थेट रेग्युलेटरात ढकलतो आणि मग ज्योत हातभर होते. करू नका. भरलेला सिलिंडर लावा, नाहीतर ऊन येऊ द्या.

थर्मोकपल. बटण सोडलं की लगेच विझते, पण ज्योत निळी आणि भरपूर आहे, मग संशय कांडीवर घ्या. गॅस बंद करून सगळं थंड होऊ द्या. टोकावर काजळी असेल तर पॉलिश पेपरने हलकेच पुसा. घासून चकाकवायचं नाही. कांडी ज्योतीतून सरकली असेल तर परत जागेवर आणा. दुसरं टोक झडपेला एका छोट्या नटाने जोडलेलं असतं, तिथे गंज किंवा ओल असेल तर कोरडं पुसा. नट बोटाने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा द्यायचा. जास्त आवळला की आतलं इन्सुलेशन दबून नवी कांडीसुद्धा मेली.

मल्टिमीटर असेल तर कांडी सोडवून तिचं टोक मेणबत्तीवर मिनिटभर धरा आणि मिलिव्होल्टमध्ये मोजा. वीसच्या वर असेल तर ती निर्दोष, दोष झडपेच्या चुंबकात. आकडा फारच कमी आला तर नवी घ्या. ती फार महाग वस्तू नाही. विकत घेताना जुनी सोबत न्या, कारण लांबी आणि नटाचे आटे जुळले नाहीत तर काही उपयोग नाही. मी इतवारीत लोहाओळीच्या आसपास दोन तास फिरलो ते जुनी कांडी घरी विसरलो म्हणून. प्रत्येक दुकानदार विचारायचा, ‘नमुना आणला का?’

८. सफाई: दिवाळीनंतर, पहिल्या काडीआधी

आमच्या गीझरचं दरवर्षीचं दुखणं एका किड्याचं आहे. कुंभारीण माशी, ती काळी, बारीक कमरेची, भिंतीच्या कोपऱ्यात मातीची घरटी करते ती. तिला अशा नळ्या, भोकं, कोनाडे फार आवडतात. पावसाळ्यात ती हवेच्या भोकात माती लिंपून जाते, उरलेल्या जागेत कोळी जाळं विणतो. बाहेरून गीझर लख्ख दिसतो आणि आत पायलटचा श्वास कोंडलेला असतो.

गॅस रेग्युलेटरपाशीच बंद करा, गीझर पूर्ण थंड हवा. समोरचा पत्रा दोन-चार स्क्रूवर असतो, तो काढा. आतला एक फोटो मोबाइलवर घेऊन ठेवा. परत जोडताना ‘हे कुठलं होतं?’ असं होणारच आहे.

पायलटची नळी नटाने सुटते. तिच्या टोकाशी पितळेचा मण्यासारखा जेट असतो. तो हातात पडला की खाली बशी ठेवा, मोरीत गेला तर गेला. टूथब्रशने बाहेरची माती झाडा. जेट कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, स्वच्छ धुवा, सायकलच्या पंपाने उलट्या बाजूने हवा मारा. उजेडाकडे धरला की भोक गोल, चमकणारा ठिपका दिसायला हवं. मग पूर्ण वाळू द्या. आत पाण्याचा एक थेंब राहिला तरी ज्योत थरथरते.

सुई घालायची नाही, तारही नाही. मी घातली होती. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं आणि तेव्हापासून ज्योत पिवळी ती पिवळीच. शेवटी जुन्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने जेट डोळ्यासमोर धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘भाऊ, सुई घातली ना तुम्ही याच्यात? मंग हे आता काई कामाचं नाई राह्यलं.’ पन्नास घरांत त्याने हेच ऐकवलं असणार.

सगळं जोडल्यावर रेग्युलेटर चालू करा आणि सोडलेल्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर गळती. काडी फिरवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यात जाऊ नका.

मोठा बर्नर, गॅसची झडप आणि तिच्यातले स्क्रू हे तुमचं-माझं काम नाही. सीलबंद भाग उघडायचा नाही.

९. पायलट जळतेय, पण पाणी गार

हा पायलटचा दोष नाही, पाण्याचा आहे. नळ सोडल्यावर पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा सरकतो आणि मोठ्या बर्नरचा गॅस सुटतो. टाकी गच्चीवर गीझरच्या जेमतेम वर असेल तर तेवढा दाबच मिळत नाही. पाणी आत येतं तिथली जाळी काढून धुवा, रेती निघेल. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी वापरत असाल तर तांब्याच्या नागमोडी नळीत क्षार बसतात. दरवर्षी धार बारीक होत गेली तर तेच समजा. पडदा फाटला असेल तर मिस्त्रीच बदलेल.

१०. मिस्त्रीला बोलावताना

‘गीझर चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तो हात हलवत येतो, बघतो, ‘पार्ट लागेल’ म्हणतो आणि दोन दिवसांनी उगवतो. ज्योतीचा रंग, बटण सोडल्यावर किती सेकंदांत विझते, कांडी बदलली का, सिलिंडर केव्हा लावला, हे फोनवरच सांगा. एकाने माझ्याकडे येऊन सुरक्षेची झडपच ‘डायरेक्ट’, म्हणजे निकामी, करून देतो म्हटलं होतं, निम्म्या पैशात. त्याला चहा पाजून परत पाठवला.

शेगडीच्याच नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून गीझर जोडून देणारेही भेटतील. दोन्ही एकदम चालू झाले की पायलट बारीक होते. जमेल तर गीझराला वेगळा सिलिंडर आणि वेगळा रेग्युलेटर ठेवा.

आणि खरं सांगू? गीझर वीस-पंचवीस वर्षांचा असेल, पत्रा गंजून भोकं पडली असतील, झडपेचा पार्ट मिळत नसेल, तर नवा घ्या. आयएसआयची खूण असलेला, आणि न्हाणीघराच्या बाहेरच. आमचा पत्रा अजून शाबूत आहे म्हणून मी त्याच्यामागे लागतो. त्यात बाबांची आठवण किती आणि काटकसर किती, ते मलाही ठरवता येत नाही.

११. रात्री आणि होळीला

पायलट चोवीस तास ठेवायची गरज नाही. ती सिलिंडर गुपचूप पीत असते. आमच्याकडे सकाळच्या अंघोळी आटोपल्या की बटण ‘बंद’, आणि रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटरही. सकाळी अर्धा मिनिट जास्त जातो.

होळीच्या आसपास, कूलरला नवी खस लावायच्या दिवशी, गीझर बंद करून टाका. रेग्युलेटर काढा, सिलिंडरवर टोपी बसवा, गीझरमधलं पाणी सोडून द्या. मग त्याला उशीची जुनी खोळ वरून घाला आणि खाली सुतळीने बांधा, म्हणजे कुंभारीण आत शिरत नाही. सुतळीचा गीझरजवळ एवढाच उपयोग. खोळीवर मोठ्या अक्षरांत ‘आधी मला काढा’ असं मार्करने लिहून ठेवा. नोव्हेंबरात पहाटे, अर्धवट झोपेत, खोळीसकट गीझर पेटवायला निघालेला माणूस प्रत्येक घरात एक असतो. आमच्याकडे तो मीच.